कमळाकर हुंडेकरी आणि मैनाचं मशीन

कर्जत स्टेशनच्या मालधक्क्याला लागून, चिंचेच्या सावलीत, कमळाकर सोनावळेची पत्र्याची टपरी होती. टपरीवर पाटी होती: 'क. स. सोनावळे, हुंडेकरी व फॉरवर्डिंग एजंट'. निदान कमळाकरनं रंगाऱ्याला तसं सांगितलं होतं. रंगाऱ्यानं रफार गाळला, शेवटच्या अक्षराला फळी पुरली नाही, आणि बाजाराला येणारी माणसं ते 'फारवडी एजंट' असं वाचू लागली. एक-दोन म्हाताऱ्यांनी तर टपरीत डोकावून विचारलंही, "ही वडी कशाची रं, बेसनाची का कोथिंबिरीची?"

कमळाकर न रागावता समजावून सांगायचा. माल असतो एकाचा, हवा असतो दुसऱ्याला आणि वाहतो तिसराच. रेल्वे माल धक्क्यावर टाकून मोकळी होते. ट्रकवाला हमरस्ता सोडून आत यायला तयार नसतो. बैलगाडीवाला आत जातो, पण त्याला बिल्टी, म्हणजे मालाची पावती, वाचता येत नाही. या सगळ्यांची टोकं एकमेकांना बांधून द्यायची, म्हणजे मुंबईत चढलेली कौलं कशेळ्याच्या पुढच्या पाड्यावर धडपणी उतरतात. हे ऐकून म्हातारी म्हणायची, "म्हंजे वडी नाय." आणि पुढं जायची.

त्याचा बाप सदू याच धक्क्यावर हमाल होता. पोरानं पाठीवर पोतं घेण्यापेक्षा कानावर पेन्सिल ठेवावी, असं त्याच्या मनात होतं. कमळाकर सातवी पास झाला, कानावर पेन्सिल ठेवली आणि ती मग आंघोळीपुरतीच खाली उतरली. बोलायला तो मोजका. "माझा माल पोचेल ना?" असं कुणीही विचारलं तर एकच शब्द: "पोचेल." आणि माल पोचायचा. कधी पोचेल हे मात्र विचारायची पद्धत नव्हती.

त्यानं काय काय पोचवलं! एका हायस्कुलाला शिकवायला माणसाच्या हाडांचा सापळा हवा होता. तो मुंबईहून आला, पण गाडीवान नवशा हटून बसला. "मेल्या मान्साला मी भाड्यानं नेत नाय," म्हणाला. शेवटी कमळाकर स्वतः गाडीत चढला, सापळ्याला धोतर पांघरलं, ऊन लागू नये म्हणून वर छत्री धरली आणि निघाला. वाटेतल्या गावांत लोक टोप्या काढून उभे राहिले. एका आजीनं 'कोण गेलं रं?' विचारलं, तेव्हा कमळाकर म्हणाला, "कुनी नाय गं आजी, हा शाळेत चाललाय."

अशा माणसाच्या टपरीत बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास मैना आली.

मैना कशेळ्याची. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं, धोंडूबाईनं वाढवलं. परळला तिचा हिरूमामा गिरणीत होता. त्याच्याकडं राहून ती शिवण शिकली आणि गावी परतताना मामानं तिला पायानं चालवायचं शिलाई मशीन घेऊन दिलं. मशीन पेटीत बंद करून मशीद बंदरातल्या एका गोदामात टाकायचं, तिथून कमळाकरच्या नावावर इतर मालाबरोबर कर्जतला यायचं, असं ठरलं. मामानं पेटीवर डांबरानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मैना, कर्जत'. त्याच्या दृष्टीनं यात काही कमी नव्हतं. मैना एकच होती, आणि कर्जत तर जगात एकच.

बाजाराच्या दिवशी ती टपरीसमोर उभी राहिली.

"फारवडीवाले तुमीच का?"

"हुंडेकरी."

"माजं मशीन आलं का?"

"पोचेल."

"पोचेल ते कळलं. आलं का?"

कमळाकरला आजवर कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. "नाय आलं," तो म्हणाला.

पुढच्या बाजारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्या बाजारीही आली. तोवर मामाचा निरोप येऊन गेला होता की पेटी केव्हाच गोदामातून हलली. मग मैनानं एक काम केलं. टपरीपुढं पोती तोलायचा मोठा काटा होता, त्याच्या फळीवर ती मांडी घालून बसली.

"हितनं मी उठनार नाय. माजं मशीन येईल तवा तुमची पोती तोला."

धक्क्यावर तांदळाच्या गाड्या लागलेल्या. गवताच्या गाठी उतरून पडलेल्या. व्यापारी घड्याळं बघू लागले. कमळाकरनं हात जोडले, पण बोलताना नजर आभाळाकडं ठेवली. काट्यावर बाई बसली असताना तिकडं बघणं सभ्यपणाचं नाही, असं त्याला वाटत होतं.

"बाई, उतरा की."

"मशीन."

"पोचेल हो."

"परत तेच!"

शेवटी माल तोलायला आलेल्या एका शेठजींनीच कमळाकरला दम दिला की आत्ताच्या आत्ता मुंबईला जा आणि या बाईचं काय ते बघ. मैना काट्यावरून उतरली ती त्या शब्दावर. पण घरी गेली नाही. कमळाकर गाडी पकडायला गेला, आणि संध्याकाळी परतला तेव्हा त्याला टपरीत वेगळंच दृश्य दिसलं. नवशा, जो जेवल्यावर हमखास चिंचेखाली झोपायचा, तो गाडी जुंपून उभा होता. पोती गावांप्रमाणं वेगळी लावलेली होती.

"तू झोपला नाईस?" कमळाकरनं विचारलं.

"ती झोपू देतेय व्हय!" नवशा कुजबुजला.

कमळाकरनं मुंबईची हकिकत सांगितली. गोदामाचा मुकादम छातीठोकपणे म्हणाला होता, "कर्जतचा माल कर्जतला गेला." बरीच घासाघीस झाल्यावर कळलं की पेटी नगरच्या ट्रकवर चढली. नगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे, हे मुकादमाला ठाऊक होतं. इथलं कर्जत मात्र त्याच्या डोक्यात नव्हतं. म्हणजे मशीन मुंबईहून निघालं, आपल्या चौक गावावरून गेलं, ड्रायव्हर तिथल्या धाब्यावर चहा प्यायला, आणि मग बोरघाट चढून ते दुसऱ्या कर्जतला जाऊन बसलं.

"चौकावरनं गेलं?" मैना म्हणाली. "मंग हाक मारली असती तरी उतरलं असतं!"

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. लाइन मिळेपर्यंत अर्धं कर्जत पोस्टात गोळा झालं, कारण मैना कमळाकरच्या शेजारी उभी होती आणि काहीतरी बघायला मिळणार याची सगळ्यांना खात्री होती. पलीकडं तिथल्या मालाचा अडत्या होता, कोंडाजी नावाचा.

"हॅलो! कर्जत का?" कमळाकर ओरडला.

"व्हय, कर्जत. तुम्ही कुठनं?"

"कर्जतहून!"

"अहो, मीबी कर्जतातच बसलोय. मग फोन कशाला करताय, या की हिकडं!"

"आमचं कर्जत येगळं! मुंबईहून तुमच्याकडं एक पेटी आलीय का? वर मैना लिवलंय."

"आलीय, आलीय! तुमची का मैना? देवासारखा फोन केलात बघा. पण ती काय बोलंना झालीय."

कमळाकरनं शेजारी बघितलं. मैना पोस्टमास्तरांना विचारत होती की टेबल दरवाजाच्या वाटेत का ठेवलंय. "बोलत नाय? हितं तर सारखी बोलतेय," तो गोंधळून म्हणाला.

"चकार शब्द नाही. पेटीच्या फटीतनं दाणे टाकतोय, पाणी ठेवतोय. पण कशाला शिवत न्हाई."

"आवो, पेटी उघडल्याबिगर शिवंल कशी?"

"उघडली आन् उडाली म्हंजे?"

"उडंल कशी? लोखंडाची हाय ती!"

"लोखंडाची मैना?" कोंडाजीचा आवाज कापरा झाला.

एवढ्यात मैनानं फोन हिसकावला. "ओ बाबा! मैना मी हाय!"

"आरं द्येवा!" पलीकडून किंकाळी आली. "बोलली!" आणि लाइन तुटली.

पोस्टमास्तर टेबलाला धरून हसत होते. हसणं कुठून सुरू झालं कोण जाणे, पण ते बाहेर पिंपळापर्यंत गेलं. मैनाही हसली. कमळाकरनं तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं आणि उगाचच पेन्सिल एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतली.

पेटी परत पाठवा असा निरोप द्यायची सोय होती. पण मैनाला ते पटेना. "तुमच्या लोकांच्या हाती दिली तर तिसरं कर्जत शोधून काढतील," ती म्हणाली. "मी सोता येनार." एकटी तरणी बाई परक्या पुरुषाबरोबर कशी जाणार, म्हणून धोंडूआत्याही निघाली. आत्यानं भाकरी, सुकट आणि खोबरेल तेलाची बाटली घेतली. परमुलखात डोक्याला तेल मिळेल याचा भरवसा काय?

पुण्यावरून दौंडपर्यंत रेल्वे, पुढं एस.टी. ही कर्जतची माणसं. त्यांना आभाळ आणि जमीन यांच्यामध्ये एखादा तरी डोंगर बघायची सवय. तिकडं सगळा उघडा माळ. आत्या खिडकीतून बघत म्हणाली, "हितं पाऊस पडला तर अडतो कशाला?" कमळाकर म्हणाला, तो तिकडं पडतच नाही फारसा. आत्याला त्या लोकांची इतकी दया आली की तिनं शेजारच्या बाईला आपली अर्धी सुकट देऊन टाकली.

निघण्याआधी कमळाकरनं तार केली होती, म्हणून कोंडाजी फाट्यावर घ्यायला आला होता. पांढऱ्या मिशांचा, वाळलेल्या अंगाचा म्हातारा. त्यानं तिघांना घरी नेलं. पेटी त्यानं गोदामात ठेवलीच नव्हती. स्वतःच्या पडवीत, खाटेशेजारी, सावलीला होती. वरून ओलं पोतं टाकलेलं. पुढं पाण्याची वाटी.

"उघडून बघायचं नाय का, बाबा?" मैना म्हणाली.

"दुसऱ्याचा माल, पोरी. उघडायचा हक्क माझा न्हाई. जीव तुटत होता, पण हात लावला न्हाई."

कमळाकरनं वाकून म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. त्याच्या धंद्यातला हा पहिला धडा होता आणि इतका सोसून पाळलेला त्यानं कधी बघितला नव्हता.

पेटी फोडली. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं मशीन बाहेर आलं, आणि त्याच्या प्रत्येक सांदीतून बाजरी गळू लागली. पोत्याच्या ओलीनं काही दाण्यांना मोड आले होते. कोंडाजी बघतच राहिला.

"म्हंजे आत पाखरू नव्हतंच?"

"नव्हतं, बाबा."

"मग मेलंबी न्हाई." म्हाताऱ्यानं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. "लई बरं झालं. मी मनात धरून बसलो होतो की माझ्या दारात उपाशी मेलं."

मैनानं दाणे टिपून काढले. आत्याच्या बाटलीतलं खोबरेल दोन-चार ठिकाणी सोडलं. मग कोंडाजीला म्हणाली, "बाबा, पैरण काढा." त्याची पैरण खांद्यावर फाटलेली होती. तिनं ठिगळ लावलं, पायाशी पट्टा फिरला, आणि सगळी पडवी त्या टकटकाटानं भरली. शेजारपाजारच्या बायका जमल्या, एकीनं परकर आणला, दुसरीनं उशीचा अभ्रा.

कमळाकर भिंतीला टेकून बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं पंप पोचवले, पत्रे पोचवले, औषधांच्या पेट्या पोचवल्या. पण बंद माल घ्यायचा, बंदच द्यायचा. पंपानं पाणी ओढताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. आपण नेलेल्या पत्र्याखाली तो कधी बसला नव्हता. आज पहिल्यांदा त्याच्या समोर माल उघडला, कामाला लागला आणि एका म्हाताऱ्याच्या अंगावर पैरण होऊन चढला. त्याला आनंद झाला तो लपवता येईना, म्हणून तो बाहेर जाऊन उगाच कोंडाजीच्या बैलांना वैरण टाकत बसला.

परत येताना मैना दौंडच्या फलाटावर मशीनच्या पेटीवरच बसली. आत्या गाठोड्याला टेकून पेंगत होती.

"मी तुमाला लई बोलले," मैना म्हणाली.

"बोलल्या नसत्या तर मी मुंबईला गेलो नसतो."

"ते खरंच हाय," मैना म्हणाली. माफी वगैरे मागायचा तिचा विचार असावा, पण तो तिथंच संपला.

गाडी बोरघाट उतरली, डोंगर पुन्हा जवळ आले. नवशानं मशीन गाडीत घातलं आणि कशेळ्याला आत्याच्या ओटीवर उतरवलं. कमळाकर म्हणाला, "पोचलं." इथं त्याचं काम संपत होतं. तरी तो उभाच राहिला. मग पाणी मागितलं. मग आणखी पाणी मागितलं. शेवटी नवशानं बैलांना हाक दिली तेव्हा निघाला.

पुढच्या बाजारी मैना कर्जतला आली नाही. कमळाकर कशेळ्याला गेला. मशीनची सुई मोडली का, विचारायला. आत्या म्हणाली, नाही मोडली. त्यानंतर तो पट्टा सैल झाला का, हे विचारायला गेला. मग गंज चढला का. मग त्याला विचारण्यासारखा मशीनचा एकही भाग उरला नाही, म्हणून त्यानं पेटीच्या फळ्यांची चौकशी केली.

"पोरा," आत्या म्हणाली, "मशीनची चौकशी पुरे झाली. मशीनवालीचं काय ते बोल."

कमळाकर लालेलाल. आतून मशीनचा आवाज थांबला.

"तिला इचारा," तो कसाबसा म्हणाला.

"माजी एक अट हाय," आतून आवाज आला. "मशीन टपरीत ऱ्हाईल. घरात बसून मी शिवनार नाय."

"पोचेल," कमळाकर म्हणाला. आत्यानं कपाळावर हात मारला, पण मैनाला उत्तर कळलं.

बुद्धवंदना म्हणून लग्न लागलं. कोंडाजी बाजरीचं पोतं घेऊन हजर झाला, तीच पैरण घालून. जेवणाच्या पंगतीत तो ज्याला त्याला सांगत होता की नवरी बरेच दिवस माझ्याच पडवीत होती. ऐकणारे दचकायचे, मग नवशा त्यांना पूर्ण गोष्ट सांगायचा.

लग्नानंतर टपरीचा नूर बदलला. मैना पोत्यांची तोंडं मशीनवर शिवायची आणि प्रत्येक पोत्याला कापडाची चिठ्ठी शिवून लावायची. तिच्यावर दोऱ्यानं नाव, गाव आणि कर्जत असेल तर 'बोरघाटाखालचं' असा शब्द. डांबर पुसलं जातं, कागद फाटतो, पण तिनं शिवलेलं नाव उसवायला कात्रीच लागायची. व्यापारी ही चिठ्ठी आवर्जून मागू लागले. खालापूरकडचा, चौकचा मालही कमळाकरकडं येऊ लागला. चौकची एक वेगळीच अडचण होती. पत्त्यावर नुसतं 'चौक' लिहिलं की माल पुण्याच्या कुठल्यातरी चौकात जायचा. मैना चौकला गेली, हमरस्त्यावरच्या गॅरेजवाल्या गजाला गाठलं आणि त्याच्या दारातच माल उतरवायची सोय केली. तेव्हापासून तिकडच्या चिठ्ठ्यांवर 'चौक, गजाचं गॅरेज' असं यायला लागलं आणि गजा फुकटात प्रसिद्ध झाला.

दोन कर्जतांची अदलाबदल अधूनमधून चालूच राहिली. इकडचं भाताचं बियाणं एकदा तिकडं गेलं, तर कोंडाजीनं फोन करून विचारलं, "पेरू का परत करू?" तिकडच्या तालमीची मुद्गलं इकडं आली, ती परत जाईपर्यंत मालधक्क्यावरच्या हमालांनी घुमवून घेतली. कोंडाजी गेला तेव्हा दोघं नवराबायको तिकडं जाऊन आले. त्या दिवशी टपरी बंद होती.

जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, त्याचाही त्रास. 'जिल्हा कुलाबा' वाचून मुंबईचे लोक माल कुलाब्यातच ठेवून घ्यायचे. एका लग्नाचं लोखंडी कपाट असंच समुद्राची हवा खात पडलं, आणि नवरी सासरी जाऊन माहेरपणाला परत आली तरी कपाट आलं नव्हतं. एक्क्याऐंशीला जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तेव्हा मैनानं धक्क्यावर पेढे वाटले. लोकांना वाटलं, घरात कुणी पास झालं.

तोवर बैलगाड्या कमी झाल्या होत्या. नवशा थकला, त्याचे बैल थकले. मैनानं टेंपो घ्यायचं ठरवलं. कमळाकरला टेंपो आवडेना. "बैल चुकला तर थांबतो, ह्यो चुकला तर पुढं जातो," असं त्याचं म्हणणं. पण टेंपो आला, तेव्हा आपण मालक असून चालवता येऊ नये हे त्याच्या मनाला लागलं. तो चौकला जाऊन गजाकडं शिकला. गजा म्हणाला, सरळ रस्त्यावर ठीक आहे.

कशेळ्याचा रस्ता सरळ नव्हता. भर लावणीच्या दिवसांत, एका वळणावर, कमळाकर न वळता सरळ गेला आणि खतांच्या पोत्यांसकट विठाबाईच्या चिखलणी केलेल्या खाचरात अलगद जाऊन बसला. चिखल मऊ, कुणाला काही लागलं नाही. खाचरात बायका हातात आवण, म्हणजे भाताची रोपं, घेऊन ओणव्या होत्या. त्यांनी माना वर केल्या.

विठाबाई कमरेवर हात ठेवून टेंपोपाशी आली. "काय रं कमळाकर, खत घरपोच द्यायला सांगितलं व्हतं. वावरात कुनी सांगितलं?"

"चुकलं, वैनी."

"आता कवा निघनार ह्यो?"

"गजा दोर घेऊन येईल तवा."

"मंग तवर काय बसून ऱ्हानार? उतर खाली. लावनी कर."

कमळाकरनं पँट गुडघ्यावर गुंडाळली, कानावरची पेन्सिल टोपीत खोचली आणि आवणाची जुडी हातात घेतली. गजा येईपर्यंत तो बायकांच्या रांगेत लावणी करत राहिला. तिन्हीसांजेला मैना बातमी ऐकून धावत आली. तिला टेंपो चिखलात दिसला आणि नवरा चिखलात दिसला. आधी तिनं नवऱ्याचे हातपाय चाचपले, टेंपोचे नंतर. मग बांधावर बसून इतकी हसली की विठाबाईलाही तिच्याबरोबर बसावं लागलं.

त्यानंतर गाडी चालवायला ड्रायव्हर ठेवला. कमळाकर त्याच्या शेजारी बसायचा आणि वळण आलं की दोन्ही हातांनी दार धरायचा. त्यानं लावलेल्या ओळी नागमोडी गेल्या होत्या. विठाबाईनं त्या तशाच ठेवल्या. भात पोटरीवर आलं, पिवळं पडलं, तरी रस्त्यावरून तेवढा तुकडा वेगळा दिसायचा. मैना टेंपोतून जाताना शेजारच्या माणसाला हटकून तो दाखवायची आणि कमळाकर तेवढ्यापुरता दुसरीकडं बघायचा.